एमआरआयचे पाटकरी

रंगराव जगदाळे यांचा अर्ज हातात आला तेव्हा मी तो बाजूला ठेवला, आणि वर जरा हसलेही. आमच्या केंद्राला प्रशासकीय अधिकारी हवा होता. साताऱ्याकडचं एक वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीतलं एक रुग्णालय, पुण्याची एक बडी संस्था आणि आमच्याच भागातलं एक लहानसं इंजिनिअरिंग कॉलेज, अशा चौघांनी मिळून कडेगावजवळ उसाच्या रानांत एक एमआरआय यंत्र बसवलं होतं. उपचारांसाठी नाही, फक्त संशोधनासाठी. पुणेकरांचं म्हणणं होतं, कुणीतरी व्यवस्थापन शिकलेला, इंग्रजी फर्डं बोलणारा माणूस आणावा. आणि इथे रंगरावांनी अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'पाटकरी (पाटाचे पाणी पाळीने सोडणारा), आठ वर्षे. नंतर सहकारी पाणीपुरवठा संस्थेत सचिव, बावीस वर्षे. या काळात पाण्यावरून एकही डोके फुटले नाही.'

साताऱ्याचे म्हातारे डॉक्टर आमच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी तो अर्ज उचलला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि म्हणाले, "आपली डोकी फुटायची वेळ आलीच आहे. ह्यांनाच बोलवा."

ते काही विनोदाने म्हणत नव्हते. यंत्र एक आणि प्रकल्प अकरा. प्रत्येकाला सकाळचीच वेळ हवी, प्रत्येकाचं काम तातडीचं. बैठकीत एकमेकांना 'सर सर' म्हणत आम्ही सगळे शिकलेले लोक नळावरच्या भांडणाला लाजवेल असं भांडत होतो. मीही त्यातलीच. सांगलीची मुलगी, रेडिऑलॉजी शिकलेली, केंद्रात नोकरीला लागून वर्षच झालेलं, आणि तोंड मात्र वीस वर्षांच्या अनुभवाचं.

रंगराव रुजू झाले ते मोटरसायकलवरून, कानाला टॉवेल बांधून. साठीच्या जवळ आलेले, उंच, किंचित पोक काढून चालणारे. स्वतःच्याच खोलीबाहेर चपला काढून आत गेले. सगळे त्यांना नाना म्हणत. "अहो नाना, ऑफिस आहे ते, चपला घालून बसा," असं मी सांगितलं तर म्हणाले, "सवय हाय डॉक्टरबाई. संस्थेच्या हापिसात लोक चिखलाचं पाय घिऊन यायचे. आपन काढल्या की त्ये बी काढत्यात, सांगावं लागत न्हाई." आठवड्याभरात त्यांच्या दाराबाहेर प्रोफेसरांच्या बुटांची रांग लागायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या बैठकीला पुण्याचे प्रोफेसर एक तक्ता घेऊन आले होते. कोणता प्रकल्प किती महत्त्वाचा, याचे त्यात गुण दिले होते आणि सगळ्यात जास्त गुण त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पाला होते. रंगरावांनी तक्ता नीट पाहिला, घडी घातली, खिशात ठेवला आणि विचारलं, "ह्यात शेपटाला कोन हाय?"

"शेपटाला म्हणजे?"

"म्हंजे सगळ्यांचं भागून उरलं तर ज्येला मिळतंय, त्यो."

सगळ्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजच्या तरुण प्राध्यापिकेकडे पाहिलं. तिचे विद्यार्थी यंत्रात माणूसही ठेवत नसत. जेली भरलेली एक बाटली ठेवायची, तिच्या प्रतिमा घ्यायच्या आणि चित्र आणखी स्वच्छ कसं येईल ते शोधायचं, असं त्यांचं काम. त्यांना वर्षभरात दोनदा वेळ मिळाली होती, आणि त्यातल्या एकदा वीज गेली.

"मग सोमवारी सकाळी पैल्यांदा ह्यास्नी," रंगराव म्हणाले.

प्रोफेसर खवळले. "अहो जगदाळे, बाटलीला कसली घाई? बाटली काय आजारी आहे का?"

"साहेब, पाट तुमच्या बांधावरनंच जातोय. तुमास्नी पानी मिळनारच. पर वरच्यानं आधी घेतलं की खाली थेंब येत न्हाई, ह्ये मी तीस वर्सं बघितलंय. शेपटापासनं सुरू केलं की मदला कुनी आडवत न्हाई. त्येला बी वाटतं, खालच्याचं लवकर उरकावं, म्हंजे आपली पाळी येईल."

आणि झालंही तसंच. महिन्याभरात प्रोफेसर दर शुक्रवारी फोन करून विचारू लागले, "काय हो, त्या बाटलीचं आवरलं का?" पुढे तर त्यांनी आपला एक तंत्रज्ञ त्या मुलांच्या मदतीला दिला. अर्थात स्वतःची पाळी लवकर यावी म्हणून. रंगरावांना कारणाशी देणंघेणं नव्हतं.

एमआरआयमधलं चुंबकशास्त्र त्यांना कळत नव्हतं आणि कळतं असं ते दाखवतही नव्हते. यंत्र थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, तो कमी होता कामा नये, एवढं त्यांनी एकदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दारातल्या फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहिलेलं दिसू लागलं, 'आजची पातळी', आणि पुढे आकडा. येणारे-जाणारे शेतकरी तो आकडा पाहून आपापसात चर्चा करायचे. एक म्हातारा तर मला म्हणाला, "अवंदा बरी हाय म्हनायची पातळी, उन्हाळा निघंल."

माणसं आत जायला घाबरत. ते लांब नळकांडं, तो खडखडाट. रंगराव प्रत्येकाला यंत्राच्या खोलीच्या दारापर्यंत सोडायला जात. "आत मळनी मशीन चालू व्हईल. त्येला वराडू दे. तुमी डोळं मिटून आपल्या रानात कुटं काय पेरलंय त्ये मोजा." माणसं खरोखरच मोजत असत. एक जण बाहेर येऊन म्हणाला, "बाई, दुसऱ्या वाफ्यापातुर आलतो, तवर तुमी बंद केलं."

ते स्वतः मात्र दारातच थांबत. पुढे पाऊल टाकत नसत. मला वाटायचं, शिस्त म्हणून.

बायकांचा प्रश्न वेगळा होता. धातूचं काही अंगावर चालत नाही. एका वयस्क बाईंनी मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला. "मालक जित्ते हायत, मी गळा मोकळा ठेवू व्हय?" माझ्या तंत्रज्ञाने चुंबकाचं व्याख्यान दिलं, मी जरा आवाज चढवला, बाई रडायला लागल्या. रंगरावांनी आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि घरी फोन लावला. अर्ध्या तासात त्यांच्या पत्नी, इंदूकाकी, रिक्षातून उतरल्या. हातात पिवळ्या सुती दोऱ्यात ओवलेले काळे मणी. काकींनी ते आधी त्या बाईंच्या गळ्यात बांधले आणि मग मागून सोन्याचं काढलं. गळा एक क्षणही मोकळा राहिला नाही. पुढच्या आठवड्यात काकींनी तसे डझनभर दोरे करून पाठवले. आमच्या केंद्रात जगभरात मिळतात तशी सगळी उपकरणं होती, पण सगळ्यात जास्त उपयोग त्या डब्यातल्या दोऱ्यांचा झाला, हे मी आजही मान्य करते.

केंद्राचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गलाईवाल्यांचा अभ्यास. आमच्या विट्याकडच्या गावांतली माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात. लहानशी खोली, भट्टी, तेजाब, धूर. वर्षानुवर्षं तो धूर घेतल्यावर मेंदूवर काही परिणाम होतो का, हे पाहायचं होतं. त्यासाठी तीच माणसं दरवर्षी यायला हवीत, अशी काही वर्षं. आणि ही माणसं गावी येतात जत्रेला आणि दिवाळीला. त्या चार दिवसांत पाहुणे, देवदेव, लग्नं जमवणं सोडून यंत्रात डोकं घालायला कोण येणार? पुण्याच्या लोकांनी छापलेली रंगीत पत्रकं वाटली. तिघे आले.

मग रंगराव गल्लीगल्लीतून फिरले. मी बरोबर होते. चार पानी संमतीपत्रक ते आधी पूर्ण वाचून दाखवत, एकही ओळ न गाळता. ते वाचून झालं की कागद मिटत आणि उंबऱ्यावर हात ठेवून म्हणत, "ह्ये झालं सरकारी. आता माझं ऐका. तुमच्या डोक्याचा फोटू, त्यो तुमचा. त्यात काय निघालं त्ये तुमाला सांगनार. दुसऱ्या कुनालाबी तुमचं नाव कळनार न्हाई. ह्यो माझा शब्द." लोक पत्रकावर सही करत ती नंतर. आधी ते रंगरावांच्या त्या हाताकडे बघत. त्या वर्षी दिवाळीत जागा पुरेना.

चूक झाली ती इथेच.

नावं गुप्त ठेवायची म्हणून संगणक प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक देत असे, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. लोकांच्या तो लक्षात राहीना. चिठ्ठ्या हरवल्या. दोन भावांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि अख्खा दिवस वाया गेला. रंगरावांनी सुचवलं, साधे नंबर देऊ. आणि नंबर दिले ते त्यांच्या हाताला जी सवय होती तसे. गल्लीच्या शेवटच्या घराला एक, त्याच्या वरच्याला दोन, असं करत वेशीपर्यंत, पाण्याच्या पाळीपत्रकासारखं. यादी माझ्यासमोर आली. सुबक होती, एकही गोंधळ नाही. मी सही केली. त्या गल्लीत राहणाऱ्या कुणालाही घरं मोजून कोणता नंबर कुणाचा ते सांगता येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्याही आलं नाही. तीस वर्षं त्यांनी याद्या केल्या त्या चावडीवर लावण्यासाठी, सगळ्यांनी वाचाव्यात म्हणून. लपवण्यासाठी यादी करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

साताऱ्यात डॉक्टरांची एक बैठक होती. तिथे प्रोफेसरांनी आमच्या काही प्रतिमा पडद्यावर दाखवल्या. गावाचं नाव होतं आणि एका प्रतिमेखाली लिहिलं होतं, 'क्र. १४'. मेंदूच्या त्या चित्रात चार-पाच पांढरे ठिपके होते. श्रोत्यांत त्याच गावचा एक लॅबवाला बसला होता. त्याचे वडील आमच्या यादीत तीन नंबर. त्याने बसल्या बसल्या घरं मोजली आणि घरी जाऊन सहज बोलला. सहजच, वाईट हेतूने नाही.

पंधरा दिवसांनी एक बाई केंद्रात आल्या. विजयच्या आई. विजय सत्तावीस वर्षांचा, तमिळनाडूत चुलत्याच्या दुकानावर असणारा मुलगा. जत्रेला आला तेव्हा लोणंदच्या एका कांद्याच्या आडत्याच्या मुलीशी त्याची सुपारी फुटली होती. त्या आल्या त्या सरळ रंगरावांच्या टेबलापाशी. चपला न काढता.

"नाना, चौदा नंबर कुनाचा?"

रंगरावांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"मी इचारतीया, चौदा नंबर कुनाचा? आख्ख्या गावाला म्हाईत हाय. लोनंदला बी कळलं. पोराच्या डोक्यात डाग हायत म्हनून त्यांनी सोयरीक मोडली. एक मलाच म्हाईत न्हाई. सांगा की."

रंगरावांनी वही उघडली, पहिल्या पानावरून बोट खाली आणलं आणि मध्येच थांबवलं. त्यांना ते तिथे, त्या क्षणी कळलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते आणि मला पाहवेना. ते उठले, हात जोडले. बाई निघाल्या. रंगराव त्यांच्या मागे फाट्यापर्यंत चालत गेले, दहा पावलं अंतर ठेवून, बस येईपर्यंत उभे राहिले. अनवाणी गेले होते, हे परत आल्यावर आमच्या लक्षात आलं.

ते ठिपके निरुपद्रवी होते. आमच्या मेंदूतज्ज्ञांनी विजयला तसं आधीच कळवलं होतं. असे ठिपके धडधाकट माणसांतही दिसतात. मी विजयला फोन केला, म्हटलं, तू परवानगी दे, आम्ही मुलीच्या वडिलांना पत्र देतो. तो म्हणाला, "मॅडम, मी काय बैल हाय व्हय, दाखला दावून इकायला?" मग रंगरावांनी फोन घेतला. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "नाना, तुमचा शब्द हुता." आणि फोन बंद झाला.

चौकशी समिती बसली. पाच जण एका बाजूला आणि रंगराव एकटे. मी कोपऱ्यात. माझी सही त्या यादीवर होती. एकाने विचारलं, "ही यादी मॅडमनी मंजूर केली होती ना?"

"व्हय, सही त्यांचीच हाय," रंगराव म्हणाले. "पर त्या माझ्यासंगं एकदाच फिरल्या, त्यास्नी आमची गल्ली म्हाईत न्हाई. कुटलं घर कुटं हाय, त्यास्नी काय ठावं? मला ठावं हुतं. मी इचार कराया पायजे हुता. मी केला न्हाई."

खोटं बोलले नाहीत आणि मला वाचवलंही नाही, पण मी वाचले. समितीने ठरवलं : नंबर पुन्हा संगणकाने द्यायचे, बंद पाकिटात, आणि प्रशासकीय अधिकाऱ्याने दिवाळीची फेरी संपली की पद सोडायचं. रंगरावांनी मान डोलावली. त्यांना पदाचं काही वाटलं नाही. त्यांना झोप लागत नव्हती ती दोन गोष्टींनी. आपण दिलेला शब्द मोडला. आणि एका पोराचं लग्न आपल्यापायी मोडलं.

"पत्र न्हाई, फोन न्हाई, त्येच्या डोक्याबद्दल एक अक्षर बोलायचं न्हाई," ते मला म्हणाले. "एकदा भाईर काढलं त्येच लय झालं. पर डोक्यातला डाग म्हंजे काय आसतंय, ह्ये तर त्या लोकांस्नी दावता येईल का न्हाई?"

"कुणाचं दाखवणार?"

"माझं," ते म्हणाले.

अभ्यासात तुलनेसाठी गलाई न करणारी माणसंही लागत. त्यात रंगरावांनी रीतसर नाव घातलं. ज्या दिवशी त्यांची वेळ होती, त्या दिवशी इंदूकाकी बरोबर आल्या. ते यंत्राकडे निघाले, मी काचेपलीकडून पाहत होते. खोलीच्या दाराशी ते नेहमीसारखे थांबले. बराच वेळ थांबले. काकी माझा हात धरून म्हणाल्या, "ह्यांना कोंडल्या जागंची लय धास्ती हाय, बाई. पाटकरी हुते तवा नदीवरच्या जॅकवेलच्या खोल हिरीमदी उतरले, शिडी तुटली, दिसभर आत. तवापासनं आमच्या घरात संडासाला बी कडी लावत न्हाईत."

इतके दिवस हा माणूस दारात उभा राहून लोकांना सांगत होता, घाबरू नका. मला त्या वेळी स्वतःचीच लाज वाटली. मी ध्वनिक्षेपकावरून विचारलं, "नाना, सुरू करू का?" तर आतून आवाज आला, "करा. मी रानात पोचलो."

प्रतिमा आली. या वयाला शोभतील असे पांढरे ठिपके होते, विजयच्या तिप्पट. मी त्यांना दाखवले तर ते जवळजवळ खूश झाले. "छापा मोठा. वर नाव घाला, जगदाळे रंगराव. नाव मोठ्या अक्षरात."

पुसेसावळी, रहिमतपूर, वाठार करत आम्ही लोणंदला गेलो. माझ्या गाडीत, काचा खाली करून. रस्ताभर ते मला बजावत होते, "तुमी नुसतं माझ्या फोटूचं सांगायचं. दुसरं कायबी इचारलं तर च्या प्यायला लागायचं."

आडत्यांचं घर पुढे आणि मागे कांद्याची वखार. रंगरावांनी ओळख करून दिली ती अशी, "तुमच्या पोरीची सोयरीक ज्येच्यामुळं मोडली, त्यो मी." मग फिल्म उजेडाकडे धरली. "ह्ये माझं डोस्कं. नाव वर हाय, बघा. आता ह्ये पांढरं काय काय दिसतंय त्ये मोजा. ह्या डोस्क्यानं मी तीस वर्सं दोन हजार लोकांस्नी पानी वाटलं. कुनाची पाळी कधी चुकली न्हाई. डॉक्टरबाई, सांगा, काय हाय ह्ये?"

मी सांगितलं, वयाने होतात, रक्तदाबाने होतात, कधी अर्धशिशी असलेल्यांत दिसतात, कधी काहीच कारण नसतं.

आडते हुशार होते. "आनि त्या पोराचं?"

मी चहा प्यायला लागले.

"त्येचं मी सांगनार न्हाई," रंगराव म्हणाले. "म्हाईत असून सांगनार न्हाई. एकदा माझ्या हातनं गेलंय, पुन्यांदा जानार न्हाई. उद्या तुमच्या पोरीचं डोस्कं आमच्याकडं तपासलं, तर त्ये बी मी कुनाला सांगनार न्हाई. बापाला तेवढं तरी बरं वाटावं."

आडत्यांनी फिल्म रंगरावांना परत दिली. मग "बघू" म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ आमच्याकडे बहुतेक वेळा 'नाही' असाच असतो.  परतीच्या वाटेवर मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर रंगराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई."

मग दिवाळी आली. त्याआधी रंगराव प्रत्येक घरी पुन्हा गेले होते. या वेळी उंबऱ्यावर हात ठेवला नाही, शब्द दिला नाही. फक्त सांगितलं, "माझ्याकडनं चूक झाली. आता नंबर बंद पाकिटात हाय, मला बी कळनार न्हाई. यायचं का न्हाई त्ये तुमी ठरवा." काहींनी तोंडावर दार लावलं. काही आले. रोज थोडे जास्त आले, शेवटी दार लावलेलेही. भाऊबीजेनंतरच्या दिवशी यादीतलं फक्त एक पाकीट उरलं होतं. ते कुणाचं हे आम्हाला कळायला नको होतं, पण कळत होतं.

रंगरावांचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी साडेतीनला मी पुन्हा यंत्र बंद करायची तयारी केली. "अजून आर्धा तास ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. पाचव्यांदा म्हणत होते.

चारला पाच मिनिटं असताना विजय आला. पाहिल्यावर ओळखावं असं काही नव्हतं, एक सडपातळ मुलगा, नवा शर्ट. त्याने पाकीट घेतलं, फोडलं, नंबर वाचला आणि कागद पुन्हा आत घातला. रंगरावांशी बोलला नाही. मोबाइल, पट्टा, किल्ल्या असं एकेक करून धातूच्या वस्तूंच्या कप्प्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. मग बोटातली अंगठी काढली. कप्प्यापाशी थांबला. कप्पा पुन्हा उघडायच्या ऐवजी वळला आणि अंगठी रंगरावांपुढे धरली.

"ही धरा, नाना. कालच घातलीय."

रंगरावांनी ती तळव्यावर घेतली. "कुटली?"

"लोनंदचीच. तुमी तिच्या बाला फोटू दावत हुता तवा ती कवाडाआड हुती. ती म्हनली, ह्या मानसानं स्वतःचं डोस्कं परक्या घरात दावलं, पर त्या पोराचं सांगितलं न्हाई. मग ती बाला म्हनली, मला त्येच्याच घरात द्या."

एवढं बोलून तो आत गेला. मी दार लावलं. यंत्र सुरू केलं.

पाऊण तास लागतो. मी काम करता करता काचेतून बाहेरच्या बाकाकडे पाहत होते. रंगराव बसले होते, अनवाणी, पाठ ताठ. उजव्या हाताची मूठ गुडघ्यावर, घट्ट मिटलेली. कोणीतरी चहा आणला, तो त्यांनी डाव्या हाताने बाजूला ठेवला. फोन वाजला, घेतला नाही. त्यांच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांनी मूठ उघडली नाही.

विजय बाहेर आला तेव्हा ते उठले आणि मूठ उघडून त्याच्यापुढे धरली. तळव्यावर अंगठीचा गोल वळ उमटला होता.